एलर्टच्या शंभर चढाया

एलर्ट ब्यर्कमो एकतीस वर्षं फेरीबोटीवर गाड्या लावायचा. म्हणजे गाड्या लोकच चालवायचे, हा फक्त पुढे उभा राहून हात करायचा. ये, ये, डावीकडे घे, अजून थोडी, बस. एवढंच काम. पण एकतीस वर्षं अख्खा परिसर आपल्या हाताच्या इशाऱ्यावर मागेपुढे होताना पाहिला की माणसाच्या डोक्यात हवा जातेच. तो निवृत्त झाला तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. कसले सुटलो! हात करायला गाड्या उरल्या नाहीत म्हणून त्यानं डोंगर धरले.

स्कारविकच्या मागे नऊ डोंगर आहेत, नऊही समुद्रातून उभेच्या उभे वर आलेले. आमच्या लहानपणी त्यांवर चढायला कारण लागायचं. मेंढी हरवली, दलदलीतली केशरी बेरी पिकली, नाहीतर बाबांची होडी दिसतेय का ते बघायला आईनं पिटाळलं. आता कारण लागत नाही, स्पर्धा लागते. क्रीडा मंडळानं प्रत्येक माथ्यावर दगडांच्या राशीत एक पत्र्याची पेटी ठेवलीय. पेटीत वही, वहीला दोरीनं बांधलेली पेन्सिल. वर जायचं, नाव आणि तारीख लिहायची, खाली यायचं. जून ते ऑगस्ट ज्याचं नाव जास्त वेळा, त्याला चषक.

पहिल्या उन्हाळ्यात चषक एलर्टला मिळाला. दुसऱ्या उन्हाळ्यातही त्यालाच. तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत तो एवढा फुगला होता की दुकानाच्या दारातून त्याला आडवं होऊन आत यावं लागेल असं वाटायचं.

"योरुन," एकदा ब्रेडच्या फळीपाशी त्यानं मला अडवलं, "हे बूट घालून तू वर जातेस?"

"चाळीस वर्षं जातेय."

"म्हणून काय झालं? घोटा बघ, घोट्याला आधारच नाही. आणि काठ्या?"

"काठ्या म्हाताऱ्यांना."

"हीच चूक करतात लोक," तो म्हणाला. मग गुडघ्यावर वजन कसं येतं ते त्यानं तिथेच वाकून दाखवलं. गल्ल्यावरची मुलगी माझ्याकडे बघून डोळे फिरवत होती. त्याच्यामागे त्याची बायको हर्डिस, टोपलीत दूध आणि बटाटे घेऊन, आपली वाट मोकळी व्हायची वाट बघत उभी.

हर्डिसबद्दल तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, बिचारी. पुरती पाच फुटांचीही नाही. अठ्ठावीस वर्षं कोळंबी सोलायच्या कारखान्यात मशीनच्या घरघरीत उभी राहिलेली, कानांवर ती जाड पिवळी टोपणं चढवून. कारखाना सुटला की घरी एलर्ट. तिकडे टोपणं तरी होती. एलर्ट सगळ्यांना सांगायचा, "हर्डिस येते माझ्याबरोबर, पण खिंडीपर्यंतच हं. तिचे गुडघे. बसते बापडी कॉफी घेऊन, मी वर जाऊन येतो." हर्डिस मान हलवायची.

मी स्वतः चौतीस वर्षं गावात टपाल वाटलंय. हे सांगायचं कारण एवढंच, की स्कारविकमधल्या कुणाचंही अक्षर मी चष्म्याशिवाय ओळखते. कोण नाताळची कार्डं शेवटच्या दिवशी घाईत लिहितो, कुणाच्या आजारी बहिणीला उत्तर येत नाही, सगळं. निवृत्तीनंतर मंडळानं वह्यांचं काम माझ्या गळ्यात घातलं. आधी मी नुसत्या वह्या वर नेऊन ठेवायचे आणि शरदात खाली आणायचे, नावं मोजायचं काम मंडळाचा अध्यक्ष स्टाइनार करायचा. त्या तिसऱ्या उन्हाळ्यात त्याला बोटीची दुरुस्ती निघाली, म्हणून मोजणीही माझ्याकडे आली.

जुलैच्या सुरुवातीला मोजणीसाठी केरिंगावर गेले. केरिंगा म्हणजे म्हातारी. पश्चिमेकडून बघितलं तर वाकून बसलेल्या बाईसारखाच दिसतो तो डोंगर. वही उघडली आणि पहिल्याच पानावर एलर्टचं नाव चार वेळा. मी बघत राहिले. एलर्टचं अक्षर मला पाठ होतं. मोठं, डावीकडे कललेलं, कागद फाटेल इतकं दाबून लिहिलेलं. हे अक्षर बारीक, गोल आणि सरळ होतं. सातच्या आकड्याला मध्ये आडवी रेघ, तारखेनंतर न चुकता टिंब. हे अक्षर दर नाताळला माझ्या दारात पडायचं. "तुला आणि घरच्यांना आमच्या दोघांकडून." हर्डिसचं अक्षर.

मी दगडावर बसून हसले. एकटीच, मोठ्यानं. खाली समुद्रावरून एक सीगल ओरडत गेला, त्याला वाटलं असेल बाई गेली कामातून.

पण नुसतं अक्षर बघून माझं समाधान होईना. टपालवाली असले तरी मला सगळं उघडून बघायची हौस आहे, ते मी नाकारत नाही. पुढच्या मंगळवारी एलर्टची गाडी केरिंगाच्या पायथ्याशी उभी दिसली आणि मी घरातली कामं टाकून निघाले. बर्चच्या रानातून, मग दलदलीवरच्या फळ्यांवरून. गोमाश्यांनी मान फोडून काढली. तासाभरात खिंडीत पोचले.

खिंडीत मोठ्या कातळाच्या आडोशाला, वारा लागणार नाही अशा बेतानं, एलर्ट बसला होता. उशी घेऊन. मांडीवर शब्दकोडं, बाजूला थर्मास, त्या दोन महागड्या काठ्या गवतात पडलेल्या. मला बघून तो असा उठला, जणू मी कप्तान आहे आणि तो डेकवर झोपलेला सापडलाय.

"अरे, योरुन! आत्ताच उतरलो बघ वरून. काय नजारा आहे आज! पार बाहेरच्या बेटांपर्यंत दिसतंय."

मी वर बघितलं. माथा ढगात होता. दाट, दह्यासारखा ढग.

"बेटांपर्यंत?"

"म्हणजे, मी होतो तेव्हा दिसत होतं. आत्ता आला हा ढग."

"आणि हर्डिस कुठेय?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "इथेच होती. बाईमाणूस, गेली असेल कुठे आडोशाला."

"बरं. मी जरा वर जाऊन येते."

"नको, नको, वर निसरडं आहे. ढगात धारेवरून जाऊ नये, नियम आहे. तुझ्या त्या बुटांनी तर—"

मी गेले. खिंडीपासून माथ्यापर्यंत जी धार आहे, ती जेवणाच्या टेबलाएवढी रुंद. चाळीस-पन्नास पावलं. उजवीकडे काळं तळं, डावीकडे पाचशे मीटर खाली सरळ समुद्र. आम्ही पोरं असताना त्यावरून पळायचो, आता मी बघून पावलं टाकते. धार संपली, थोडा घसारा चढले आणि ढगाच्या बाहेर आले. वर लख्ख ऊन. सगळीकडे पांढरा ढग पसरलेला आणि त्यातून बाकीच्या डोंगरांची टोकं बाहेर आलेली.

दगडांच्या राशीला पाठ टेकून हर्डिस बसली होती. बूट-मोजे काढून, पाय उन्हात तापलेल्या कातळावर. हातात पातळ भाकरीची गुंडाळी, आत तपकिरी चीज. मांडीवर वही. मला बघून ती दचकली नाही, उठली नाही. पेन्सिल कानामागे खोचली आणि भाकरीचा घास संपवला.

"खाली भेटला?" तिनं विचारलं.

"भेटला. बेटं दिसली म्हणाला."

"दिसू देत." तिनं थोडं सरकून जागा केली. "बस. पण तासभर काही विचारू नकोस."

तासभर न विचारणं मला जमलं नाही. दहा मिनिटं जमलं असेल.

"हर्डिस, हे काय चाललंय? तू चढतेस आणि नाव त्याचं?"

"त्याला उंचावर चालत नाही. लग्नाआधी एकदा दीपगृहाच्या जिन्यावर नेला होता, उतरवायला दोन माणसं लागली. धार बघितली की तो खालीच बसतो."

"मग घरी बसावं त्यानं!"

"तेच तर नको मला." ती शांतपणे म्हणाली. "तो घरी बसला की बोलतो. बटाटे कसे सोलायचे, रेडिओ किती आवाजात, खिडकी किती उघडायची. मी अठ्ठावीस वर्षं मशीनपाशी काढली, योरुन, आणि मग हा निवृत्त झाला. पहिल्या वर्षी मला वाटलं मी मरणार. मग एकदा तो डोंगर चढायला निघाला. खिंडीत आला आणि बसला. हलेचना. मी म्हटलं, तू बस, मी येते जाऊन. वर आले. दोन तास! कुणी नाही. खाली गेले तर त्याचं तोंड एवढंसं झालेलं. म्हणाला, लोक विचारतील. मी म्हटलं, विचारू देत, वहीत तुझं नाव लिहून आलेय मी."

"असंच? सहज?"

"सहज. त्याला चषक, मला दोन तास. आठवड्यातून तीन वेळा." तिनं पाय झटकले आणि मोजे चढवायला लागली. "महाग पडलं का ते तूच सांग."

"वाटेत कुणी भेटत नाही तुला?"

"भेटतात की. मी सांगते, एलर्ट पुढे गेलाय. लोकांना तेवढं पुरतं. एकानंही आजवर विचारलं नाही, की हर्डिस, मग तू इथे काय करतेयस."

मला ते लागलं. कारण मागच्या ऑगस्टमध्ये नूनस्टिन डोंगराच्या वाटेवर ती मला भेटली होती, आणि मीही विचारलं नव्हतं.

कुणाला सांगणार नाही असं मी तिला म्हटलं. सांगितलंही नाही. पण मी जे केलं ते सांगण्याहून वाईट होतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मंडळाची बैठक झाली. स्टाइनार म्हणाला, योरुनच्या मोजणीप्रमाणे तिन्ही उन्हाळे धरून एलर्टच्या अठ्ठ्याण्णव चढाया झाल्यात, शंभरावी आली. "शेजारच्या गावात एकही असा माणूस नाही! आपण साजरं करू. सगळे मिळून केरिंगावर जाऊ, एलर्ट पुढे, आपण मागे. पेपरवाले येतील. वर केक कापू." आणि मग माझ्याकडे वळला, "योरुन, तुझं काय मत?"

मी तिथेच गप्प बसले असते किंवा गुडघ्याचं काहीतरी कारण काढलं असतं, तर विषय मिटला असता. पण माझ्या डोळ्यांपुढे ती उशी आली, शब्दकोडं आलं, आणि माझ्या बुटांवरची ती सगळी भाषणं आली.

"छान कल्पना आहे," मी हात वर करून म्हटलं. "शनिवारी करू."

शनिवारी सव्वीस जण जमले. उत्तरेचा गार वारा, आकाश धुतल्यासारखं स्वच्छ, ढगाचा मागमूस नाही. एलर्टनं आठवडाभर गुडघा दुखतोय, पोट बिघडलंय, हवा फिरणार आहे असं सगळं करून पाहिलं होतं. पण पेपरची पोरगी शहरातून दोन फेरीबोटी बदलून आली होती, आणि एलर्टला पेपर सोडवत नव्हता. खिंडीपर्यंत तो पुढे होता, झकास होता. दर वळणावर थांबून मागच्यांना हात करायचा. डावीकडून या, तिथे पाय टाकू नका, आता पाणी प्या. पोरगी लिहून घेत होती.

"तुम्हाला वर गेल्यावर काय वाटतं?" तिनं विचारलं.

"नम्रता," एलर्ट म्हणाला. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकले.

हर्डिस सगळ्यात मागे, केकचा डबा घेऊन. माझ्याकडे तिनं एकदाच बघितलं. बैठकीत हात वर कुणी केला ते तिला कळलं होतं.

धारेपाशी एलर्ट थांबला. सगळे मागे थांबले, आता तो काहीतरी सांगणार म्हणून. मग त्यानं एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, पाचसहा झाली असतील. आणि खाली बसला. आधी वाटलं बूट बघतोय. मग तो पालथा झाला, चारी हातापायांवर, आणि दोन्ही मुठींत गवत धरलं. त्या महागड्या काठ्यांपैकी एक घरंगळली. खडकावर आपटत, उड्या मारत, ती खाली जाताना खूप वेळ ऐकू येत होती.

कुणी हसलं नाही. हे मला अपेक्षित नव्हतं. मी हसायला तयारच होते. तीन उन्हाळे त्यासाठी थांबले होते. पण त्याच्या मानेवरचा घाम दिसत होता, आणि त्याच्या तोंडून एक बारीक आवाज येत होता, कुत्र्याचं पिल्लू दाराबाहेर राहिल्यावर करतं तसा. माझं हसू आतच राहिलं. स्टाइनार नुसताच "एलर्ट? एलर्ट, चक्कर आली का?" असं म्हणत राहिला, स्वतः मात्र एक पाऊल पुढे टाकेना. शेजारच्या गावात एकही असा माणूस नाही म्हणे.

हर्डिसनं केकचा डबा पेपरच्या पोरीच्या हातात दिला आणि सगळ्यांमधून पुढे गेली. धारेवर, त्याच्या बाजूनं, मोकळ्या हातांनी, आपल्या स्वयंपाकघरातून जावं तशी. त्याच्यापुढे जाऊन वळली. माथ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"एलर्ट. माझ्याकडे बघ. खाली नाही, माझ्याकडे."

त्यानं मान वर केली.

"गाडी मागे घ्यायचीय. ऐकतोस? मागे जागा आहे. मी सांगते तसं ये."

आणि तिनं दोन्ही हात वर केले. अगदी तसेच, जसे तो फेरीबोटीवर करायचा. "ये. ये. उजवा पाय. थोडा डावीकडे. ये, ये. अजून. थांब. सरळ कर. ये." तो पोटावर सरकत मागे यायला लागला, इंच इंच, तिच्या हातांवरून नजर न काढता. पाचसहा पावलांचं अंतर, पण दहा मिनिटं लागली. "बस," हर्डिस म्हणाली, आणि त्याचे बूट खिंडीतल्या गवताला लागले.

तिनं त्याला कातळाच्या आडोशाला बसवलं, त्याच्या त्या नेहमीच्या जागी. कॉफी दिली. दोघं तिथेच राहिली.

मग स्कारविकच्या लोकांनी काय केलं? वर गेले. केक होता ना. सत्काराचा माणूस खाली कातळाला टेकून बसलेला आणि हे चोवीस जण वर जाऊन केक खाऊन आले. मीही खाल्ला, दोन तुकडे. स्टाइनारनं वही काढली, क्षणभर विचार केला, आणि स्वतःच्या हातानं एलर्टचं नाव लिहिलं.

"अरे, हे काय करतोस?" मी म्हटलं.

"इथपर्यंत आलाच होता की. चाळीस पावलांसाठी काय धरून बसायचं! आणि चषकावर शंभर कोरून झालंय, योरुन."

पेपरात फोटो आला तो खिंडीतला, एलर्ट कातळाला टेकून दूर बघतोय असा. खाली लिहिलं होतं, शंभराव्या चढाईनंतर विसावा घेताना. सप्टेंबरमध्ये युवक भवनात चषक दिला. एलर्टनं भाषण केलं, डोंगराचे आभार मानले, हवेचे मानले, मंडळाचे मानले. हर्डिस मागे स्वयंपाकघरात वॉफल भाजत होती. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"काहीतरी बोल की," मी म्हटलं. "बाहेर जा आणि सांग त्यांना."

"काय सांगू?"

"की ते सगळं तू केलंस!"

तिनं साचा उलटला. "मग पुढच्या वर्षी ते माझ्यामागे सव्वीस जण लावतील."

"आणि तो चषक घरात बघायचा रोज?"

"पुसायचा. बघायचा कशाला." मग म्हणाली, "तू हात वर केलास बैठकीत."

"हो."

"त्याला काही झालं असतं तर?"

तिनं वॉफल काढून माझ्या हातात दिलं, गरम, जॅमशिवाय, आणि पुढचं पीठ ओतलं.

एलर्ट त्यानंतर डोंगरावर गेला नाही. गुडघा, म्हणतो. हिवाळ्यात त्यानं ब्रेड भाजायला घेतला, आणि आता दुकानात पिठाच्या फळीपाशी उभा राहून, चाळीस वर्षं ब्रेड भाजणाऱ्या बायकांना तो पीठ कसं मळायचं ते शिकवतो. लोक ऐकून घेतात. आमच्या गावात लोक कशालाही मान हलवतात.

पुढच्या जूनमध्ये मला वाटलं होतं, आता हर्डिसचे दोन तास गेले. पण ती पाठपिशवी घेऊन फाटकातून बाहेर पडताना मी पाहिली. एलर्ट पिठाचे हात घेऊन पायरीवर आला होता.

"कुठे चाललीस?"

"वर."

"आता कशाला? आपली स्पर्धा संपली की."

"म्हणूनच," हर्डिस म्हणाली आणि रस्त्याला लागली. तो पायरीवरून तिला वाट सांगत राहिला, बर्चच्या रानातून नको, ओढ्याकडून जा, म्हणून. ती बर्चच्या रानातून गेली.

त्या जुलैत एकदा मी तिला पायथ्याशी गाठलं. सकाळ सुरेख होती, मी डब्यात वाळवलेला मासा आणि ताजं लोणी घेतलं होतं, दोघींना पुरेल एवढं. झालं गेलं मनातून काढून टाकावं असंही होतं.

"हर्डिस, चल, बरोबर जाऊ. मीही एकटी, तूही एकटी."

ती थांबली. माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट तिला वाईटच वाटत असावं.

"योरुन," ती म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस. पण तूही फार बोलतेस."

आणि गेली. गमबूट घालून, काठीबिठी काही नाही, दलदलीवरच्या फळ्यांवरून टक टक टक. मी डबा हातात धरून उभी. मला राग आला, खोटं कशाला सांगू. मी फार बोलते म्हणे! चौतीस वर्षं गावातली प्रत्येक भानगड पोटात ठेवलेली बाई मी. त्याच तिरीमिरीत मी दुसऱ्या वाटेनं नूनस्टिनकडे निघाले, आणि अर्धा डोंगर चढून गेल्यावर एका मेंढीनं चरायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की पायथ्यापासून मी हे सगळं एकटीच मोठ्यानं बोलत आलेय.